गाय कोणाची?

श्रावण लागला की शाळाशाळांतून ‘श्रावणमासी हर्ष मानसी’ ऐकू येऊ लागतं. ती लिहिणारे बालकवी, म्हणजे धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, १९१८ साली गेले. कविता मात्र अजून मुलांच्या तोंडी आहे. ८, ८ आणि १४ मात्रांची ओळ. ही चाल म्हणजे घसरगुंडी आहे. एकदा बसलं की थेट खाली, वाटेत काय मागे पडलं याचा पत्ता नाही. धडा वाचताना मूल अडखळतं, त्यामुळे कुठे कळलं नाही ते निदान दिसतं. कवितेत ते अडखळतच नाही.

मग ‘मंजुळ पावा गाय तयाचा’ या ओळीवर थांबवून विचारावं, इथे कोण कोण आहे? पावा आहे, गुराखी आहे, गाय आहे! उत्तर अगदी ठाम असतं आणि त्यात मुलांचा दोषही नाही. वरच्याच ओळीत खिल्लारं चरताहेत, गोप गात फिरतोय. मग गाय नसेल तर काय?

न कळणं दोन तऱ्हेचं असतं. ‘शिरवे’ (पावसाची सर), ‘बलाकमाला’ (बगळ्यांची रांग) हे शब्दच अनोळखी, तिथे मूल आपण होऊन हात वर करतं. (कधीकधी ‘शिरवे’चं गुपचूप ‘हिरवे’ करून पुढेही जातं.) पण ‘गाय’ ओळखीचा, ‘निज’ ओळखीचा, ‘तो’ तर रोजचाच. न कळलेलं खरं दडतं ते अशा ओळखीच्या शब्दांत. फळ्यावर आधी शब्दार्थ लिहून देण्याची पद्धत इथेच फसते. त्या यादीत ‘गाय’ कोण लिहिणार?

आपल्याला कुठे कळलं नाही ते मुलांनाच ओळखता यावं, यासाठी तिसरी-चौथीच्या वर्गात असं करता येतं. पहिल्या दिवशी कविता चालीवर, पोटभर, एकही प्रश्न न विचारता. दुसऱ्या दिवशी फक्त एक कडवं, आणि तेही चाल सोडून, बोलल्यासारखं. हे मुलांना सुरुवातीला विचित्र वाटतं, पण चाल बाजूला ठेवल्याशिवाय ओळ थांबत नाही. हातात पेन्सिल. डोळ्यांसमोर चित्र आलं तिथे बरोबरची खूण, नाही आलं तिथे प्रश्नचिन्ह. एवढ्यावर थांबलं तर ‘गाय’पुढे बरोबरचीच खूण पडेल, कारण चित्र आलंय, फक्त चुकीचं. म्हणून खूण केलेल्या ओळीलाही तीन प्रश्न: कोण? काय करतंय? पुढच्या ओळीशी जमतं का? गाय म्हणजे जनावर धरलं तर ती काय करते ते ओळीत कुठेच नाही, आणि पुढचा ‘श्रावणमहिमा एकसुरे’ तर अधांतरीच लोंबतो. मग कोणीतरी हळूच म्हणतं, पावाच गातोय!

‘सुंदर हरिणी हिरव्या कुरणी निजबाळांसह बागडती’ ही ओळ यासाठी फारच सोयीची. निजलेली बाळं बागडतील कशी? इथे शिक्षकांनी तोंड मिटून बसावं. विसंगती मुलांना स्वतः टोचली पाहिजे. दहा-पंधरा सेकंदांची शांतता मोठ्यांनाच सोसत नाही, आणि ‘निज म्हणजे स्वतःची’ असं सांगून ते मोकळे होतात.

‘झालासा सूर्यास्त वाटतो सांज अहाहा! तो उघडे’ इथे कागद आणि रंग द्यावेत. बरेचजण डोंगराआड लाल सूर्य काढतात. पुढच्या ओळीत घरांवर, झाडांच्या शेंड्यांवर पिवळं पिवळं ऊन पडलेलं! आता मागे जाऊन ‘वाटतो’ शोधायचं. सूर्य मावळलाच नव्हता, ढगांनी झाकला होता, आणि ‘तो’ म्हणजे इतक्यात. चित्र खोडायला लावू नये, शेजारी दुसरं काढू द्यावं. दोन्ही चित्रं समोर असली की आपलं कुठे चुकलं ते मूलच बोट ठेवून दाखवतं.

पहिली-दुसरीला पेन्सिल नको, हातवारे पुरतात. ‘ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा’ म्हणताना पैसा कोण देतंय आणि कोणाला, ते करून दाखवायचं. निम्मे हात उलट दिशेने पुढे होतात.

बिघडतं कुठे? ‘समजलं का?’ विचारलं की वर्गातून लांबलचक ‘होऽऽ’ येतो. त्याला काडीचीही किंमत नाही. प्रश्नचिन्हं मोजून ‘तुला एवढं कळलं नाही?’ म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून वह्या स्वच्छ. आणि ओळीओळीला अडवलं तर कवितेचा पंचनामा होतो. एका बैठकीत दोन, फार तर तीन जागा पुरेत.

काही प्रश्नचिन्हं मागेपुढे वाचून सुटत नाहीत. ‘पारिजातही बघता भामारोष मनीचा मावळला’ यासाठी सत्यभामेचा रुसवा आणि पारिजातकाची गोष्ट बाहेरूनच यावी लागते. ‘हे कवितेत सापडणार नाही, विचारावं लागेल’ एवढं मुलाला ओळखता आलं तरी खूप झालं. ते प्रश्नचिन्ह घरी न्यायला सांगावं. घरी बहुतेकांना कविता पाठ असते. आजी सगळी घडाघडा म्हणून दाखवते, आणि भामारोषापाशी आल्यावर आजोबांकडे बघते.