कुंभार्ली घाट, जुना सहाचाकी आणि चौथा क्रॉस

आधी निकाल: घाट क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला, म्हणजे जॉइंटमधला, अधिक-चिन्हासारखा तुकडा) मोडत नाही. घाटात तो मोडताना दिसतो एवढंच. मोडायचं काम त्याआधी, सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत झालेलं असतं. हे कळायला एक हंगाम आणि तीन बिलं गेली. मागून येणाऱ्यांनी एवढं वाचूनच गॅरेजला जावं.

गाडी २००७ सालची, दोन एक्सलची सहाचाकी ट्रक, पासिंग (मालासकट मंजूर वजन) १६ टन २०० किलो. गिअरबॉक्सचा फेर मागच्या एक्सलकडे नेणारा शाफ्ट दोन तुकड्यांचा, मधे सेंटर बेअरिंग. फेरी कराड–चिपळूण–कराड: जाताना रिकामी, येताना जांभ्याचे चिरे. मागच्या शाफ्टचा पिनियनकडचा (मागच्या एक्सलमधल्या डिफरन्शियलचा पहिला गिअर, त्याच्याकडचा) क्रॉस तीनदा गेला. पहिला ३,८०० किलोमीटरला, दुसरा २,६०० ला, तिसरा १,९०० ला. तिन्ही वेळा पोफळी सोडून चढ लागल्यावर, पहिल्या गिअरला, वळणात. साहजिकच जो तो म्हणाला, "घाटाची गाडी आहे, क्रॉस जाणारच."

कराड, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर. इथपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. रस्ता बरा, चहा बरा. हेळवाक सोडून खाली उतरताना रिकाम्या गाडीलाही गिअर खालचा ठेवा, एवढंच. खरा प्रश्न परतीचा. पोफळीपासून वर येताना गाडी बंद पडली तर बाजूला घ्यायला धड जागा नाही, आणि पावसाळ्यात धुक्यात मागच्याला तुमची गाडी दिसत नाही. त्यामुळे शाफ्टचा जरासाही संशय असेल तर भरलेली गाडी घाटात घालू नका. खाली शिरगाव-अलोऱ्याच्या सपाटीवर थांबा आणि तिथेच खाली वाकून बघा.

घाटात क्रॉस तुटलाच तर क्रम चुकवू नका. शाफ्ट तुटला की गिअरमध्ये टाकून ठेवलेली गाडी थांबत नाही, कारण इंजिन आणि चाकं यांचा संबंधच उरलेला नसतो. हँडब्रेक ओढा, मग मागच्या दोन्ही बाजूंच्या चाकांना उताराकडून मोठे दगड लावा, मागे पन्नास पावलांवर झाडाची फांदी आणि दिवा ठेवा. त्यानंतरच गाडीखाली जा. क्लीनर पोराला दगड लावण्याआधी खाली घालणारे पाहिले आहेत, त्यांना काय म्हणावं. टो करून न्यायची असेल तर मागचा शाफ्ट पूर्ण काढा किंवा मागच्या चाकांचे दोन्ही एक्सल (चाकं फिरवणारे आतले दांडे) ओढून घ्या. इंजिन बंद असताना चाकं फिरली की गिअरबॉक्सची मेन शाफ्ट कोरडी फिरते, आणि क्रॉसच्या खर्चात गिअरबॉक्सचा खर्च येऊन बसतो.

आता बिलांचं. पहिल्या वेळी सांगितलं गेलं, "माल डुप्लिकेट." दुसऱ्या वेळी कंपनीच्या सीलबंद डब्यातला घातला, तो आधीच्यापेक्षा लवकर गेला. तिसऱ्या वेळी घाटातच बोलावलेल्या मिस्त्रीने क्रॉसच्या किमतीच्या चौपट मजुरी घेतली आणि वर "शाफ्ट बॅलन्स करून दिला" अशी ओळ बिलात घातली. रस्त्याच्या कडेला शाफ्ट बॅलन्स होत नसतो. त्याला मशीन लागतं, शाफ्ट दोन्ही टोकांच्या फ्लँजसकट (बोल्टने जोडायच्या तबकड्यांसकट) चढवावा लागतो, आणि जिथे कमी असेल तिथे लोखंडी पट्टीचा तुकडा वेल्ड होतो. या शाफ्टवरच्या पट्ट्यांवर जुना काळा रंग तसाच होता, वेल्डच्या कडेला चिखल वाळलेला. बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी ताजं वेल्ड दाखवा म्हणावं. मशीनवर शाफ्ट बरोबर निघाला तर वेल्ड लागत नाही हे खरं, पण मग मशीनचं रीडिंग दाखवा. दोन्ही नसेल तर ती ओळ बिलातून खोडायला लावा.

खरी चूक अशी की तिन्ही वेळा तुटलेला क्रॉस वरवर बघून भंगारात गेला. तुटका भाग हाच पुरावा असतो. चारही कप (क्रॉसच्या पायांवर बसणाऱ्या टोप्या) काढून डिझेलने धुवा आणि क्रॉसच्या चार पायांवरून नख फिरवा. कपातल्या नीडलच्या (सुईसारख्या बारीक रोलरच्या) जाडीच्या सारख्या अंतरावर उभ्या खाचा पडल्या असतील तर कोन जास्त आहे किंवा जोर जास्त पडतोय. पायावरचे पापुद्रे सुटले असतील तर ग्रीस कमी पडलंय किंवा पाणी शिरलंय. एकाच कपात ग्रीसऐवजी तांबडी पूड असेल तर गनने त्या कपापर्यंत ग्रीस पोचलंच नाही. क्रॉस स्वच्छ, चकचकीत दाणेदार चेहऱ्याने मधून फुटला असेल आणि पायांवर खुणा नसतील, तर तो झटक्याने गेला: क्लच एकदम सोडला, किंवा चिखलात फिरणारं चाक अचानक कोरड्यावर आलं.

या गाडीच्या पहिल्या क्रॉसच्या एका कपात तांबडी पूड होती, म्हणून सगळं खापर ग्रीसवर फुटलं. दुसऱ्याला प्रत्येक फेरीला ग्रीस होतं, चारही कप ओले होते, तरी नीडलच्या खाचा होत्या. तिथेच थांबून कोन मोजायला हवे होते.

कोन मोजायला चुंबकाचा डिजिटल अँगल मीटर लागतो. मोबाइलवरचं अ‍ॅप अर्धा-एक अंश सहज चुकतं, आणि सगळा खेळ एका अंशाचाच आहे. गाडी सपाट जागी, चारी बाजूंच्या टायरची हवा सारखी, गिअर न्यूट्रल, चाकांना आडवण. शाफ्ट फिरवून योकचा (क्रॉस धरणाऱ्या दोन कानांच्या बेचक्याचा) कान सरळ उभा आणा आणि मशीन केलेल्या पृष्ठभागावर मीटर लावा. रंगावर, गंजावर, पाइपच्या पोच्यावर लावू नका. चार आकडे घ्या: गिअरबॉक्सचा फ्लँज, पुढचा शाफ्ट, मागचा शाफ्ट, पिनियनचा फ्लँज. प्रत्येक आकड्यापुढे मागच्या बाजूला उतार आहे की चढ, ते लिहा. इथेच निम्मे लोक चुकतात.

या गाडीचे आकडे, सगळे मागे उतरते, गाडी रिकामी: गिअरबॉक्स ३, पुढचा शाफ्ट ३.५, मागचा शाफ्ट ७.५, पिनियन ०.५. म्हणजे पहिल्या जॉइंटला अर्धा अंश, मधल्याला ४, पिनियनकडच्याला ७. मधला आणि शेवटचा यांचे कोन एकमेकांना मारून टाकतात तेव्हाच पिनियन एकसारखा फिरतो. त्यांच्यातला फरक १ अंशाच्या आत हवा. इथे ३ होता. शिवाय कोणताही जॉइंट ३ अंशांच्या आत असेल तर उत्तम. अगदी शून्यही नको, निदान अर्धा अंश हवा, नाहीतर नीडल जागच्या जागी थरथरतात आणि तिथेच खड्डा पाडतात.

घाटाला दोष का नाही, ते या आकड्यांतच आहे. १०.००-२० च्या टायरला किलोमीटरमागे साधारण ३१० फेरे. पिनियन-क्राउनचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे) सहाच्या आसपास धरलं तर ताशी ६० ला शाफ्ट मिनिटाला १,९०० च्या घरात फिरतो, घाटात ताशी ८ ला जेमतेम अडीचशे. कोनामुळे येणारा झटका वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, झटका चौपट. कोनाचंही तसंच. रिकामी गाडी मागून उचललेली असते, कोन सगळ्यात जास्त तेव्हाच, आणि पाटणपर्यंत ती साठने पळवली जाते. क्रॉस तिथे झिजतो. मग परतीला पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या सहा-सात पट जोर त्या झिजलेल्या पायांवर येतो आणि तो सुटतो. घाटाची बदनामी फुकटची.

कोन बिघडला कशाने? तीन गोष्टी सापडल्या.

पहिली, मागच्या पाट्यांत (स्प्रिंगच्या पट्ट्यांत) आधीच्या मालकाने प्रत्येक बाजूला एक जादा पाटा घातला होता, अर्थातच जास्त भरण्यासाठी. त्यामुळे चेसिस उचललं गेलं आणि मागच्या शाफ्टचा उतार वाढला.

दुसरी, आणि हीच मुख्य. पाटा आणि एक्सलच्या मधे दीड अंशाची तिरकी वेज पॅकिंग उलटी बसवलेली होती. पाटा एक्सलच्या वर असलेल्या गाडीत पिनियनचं नाक वर करायचं तर वेजची जाड बाजू मागे हवी. इथे ती पुढे होती. उलटी वेज सरळ केली की फरक दीडचा नाही, तिनाचा पडतो. पिनियन ०.५ वरून ३.५ वर आला, म्हणजे नेमका पुढच्या शाफ्टइतका. जादा पाटे काढल्यावर मागचा शाफ्ट ६.५ झाला. आता मधला जॉइंट ३, पिनियनकडचा ३. मीटरवर ते दोन सारखे आकडे दिसले तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि गॅरेजमध्ये कुणालाच जेवायचं सुचत नव्हतं.

तिसरी, स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा, दाते असलेला सरकता सांधा) एक दात चुकवून जोडलेला. एकाच शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका रेषेत हवेत. सोळा दात असतील तर एक दात म्हणजे साडेबावीस अंश. जुळणीचा बाण पुसला गेला असेल तर उघडण्याआधी छिन्नीने दोन्हीकडे खूण करा, खडूने नाही. खडू डिझेलने जातो.

मोजण्याआधी एक बघायचं राहू नये: इंजिनची मागची माउंटिंग. एका बाजूचं रबर बसलं असेल तर गिअरबॉक्सची शेपूट खाली येते आणि सगळे आकडे खोटे ठरतात. आधी रबर बदला, मग मोजा. सेंटर बेअरिंगचं रबर फाटलं असेल तर तेही, आणि त्याच्या ब्रॅकेटची भोकं लांबट झालीत का ते बोट घालून पाहा.

प्रत्येक क्रॉस आधीच्यापेक्षा लवकर का गेला? फ्लँजच्या कानांची भोकं हळूहळू सैल होत गेली. नवा कप हाताने ढकलून आत जात असेल तर तो फ्लँज संपला. पंच मारून घट्ट करण्याचा उपाय करू नका, दोनशे किलोमीटरही टिकत नाही. फ्लँज बदला, बोल्ट नवे आणि नायलॉक (आपोआप ढिले न होणारे) नट.

हादरा ओळखायचा सोपा मार्ग: रिकामी गाडी, सपाट रस्ता, डॅशबोर्डवर अर्धी पाण्याची बाटली. टायरचा हादरा ६० ला सेकंदाला पाच वेळा येतो, तो मोजता येतो आणि स्टिअरिंगला लागतो. शाफ्टचा मोजता येत नाही. पाण्यावर बारीक जाळी उठते आणि पायाखालचा पत्रा गुणगुणतो. त्याच वेगाला क्लच दाबून इंजिन आयडलवर आणलं तरी गुणगुण राहिली तर इंजिनवरचा संशय गेला, शाफ्ट धरा. ही चाचणी घाटात करू नका.

बाकी भागांचं थोडक्यात. एक्सल वारंवार जात असेल तर तुटलेलं टोक बघा. दोरीसारखा पीळ असेल तर झटका. फ्लँजजवळ सपाट तुटून शिंपल्यासारख्या रेषा असतील तर हाउजिंग वाकलंय किंवा हबचं बेअरिंग सैल आहे. या प्रकारच्या एक्सलवर गाडीचं वजन येतच नाही, तो फक्त फिरवतो, म्हणून वाकून तुटला तर दोष त्याचा नाही. डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरची झीज दिसली तर डाव्या-उजव्या टायरांचा घेर टेपने मोजा. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला घासलेले असतील तर ते गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात. क्लच प्लेटच्या हबच्या स्प्रिंगा तुटत असतील तर ड्रायव्हर वरच्या गिअरला इंजिन गुदमरवतोय.

सोबत ठेवायचं: दोन क्रॉस लॉकसकट, आठ फ्लँज बोल्ट, एक सेंटर बेअरिंग, पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा), ग्रीस गन. ग्रीस मारताना चारही कपांच्या सीलमधून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. एकातून येत नसेल तर शाफ्ट दाबून त्या कपावरचा भार काढा आणि पुन्हा मारा. तरीही आलं नाही तर कप उघडा. पावसाळ्यात हे प्रत्येक फेरीला.

जादा पाटे काढल्यावर दोन टन जादा भरता येणार नाहीत, हे चिरेवाल्याला आधीच सांगा. भाव तो पाडणारच. तरी तीन क्रॉस, एक टोइंग आणि खोट्या बॅलन्सिंगची बेरीज मांडून बघा. वेज फिरवल्यावर पाटा एक्सलला बांधणारे यू-बोल्ट पहिल्या भरलेल्या फेरीनंतर, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आत, पुन्हा आवळा. पॅकिंग बसते आणि नट अर्धा फेरा तरी घेतात. या गाडीत डाव्या बाजूच्या पुढच्या नटने पाऊण फेरा घेतला.