बापाचं तळं, लेकाचा खडक

श्रीलंकेहून परतलेल्या माणसाला ठरावीक प्रश्न विचारले जातात. सिगिरिया चढलात का? अशोकवाटिका बघितलीत का? चहा आणलात का? काला वेवाच्या बांधावरून गेलात का, असं मला अजून कुणी विचारलेलं नाही. विचारणार तरी कोण? यात्रा कंपन्यांच्या पत्रकात ते नाव सहसा नसतंच. असलं तरी बस तिथे थांबून करणार काय? तलाव आहे, तलावासारखा तलाव. उतरा, फोटो काढा, पुन्हा चढा.

मी सायकलवर होते म्हणून हे तळं माझ्या वाट्याला आलं.

सायकल चालवत आणि पायी हिंडत देश बघायच्या या सहली आता बऱ्याच निघतात. सामान व्हॅनमध्ये, पुढे गाईड, सगळ्यांच्या शेवटी त्याचा साथीदार, आणि अधूनमधून शहाळी नाहीतर केळी घेऊन उभी असलेली तीच व्हॅन. कुणी दमलं, रुसलं किंवा कुणाचा पाय धरला की सायकलसकट उचलून आत. आमच्या घोळक्यात सोलापूरचे एक निवृत्त रेल्वे अधिकारी होते, नागपूरच्या दोघी मैत्रिणी होत्या आणि डोंबिवलीचं एक जोडपं होतं. या जोडप्यानं सीटवर चढवायची जेलची गादी घरूनच आणली होती. पहिल्या दिवशी सगळे त्यांना हसले. पुढे कुणी हसलं नाही, उलट नागपूरकरणींनी ती उसनी मागून पाहिली. मिळाली नाही.

सायकलवाल्या लोकांत या असल्या सहलींना नाकं मुरडली जातात. गाईड घेऊन सायकल कसली चालवायची, नकाशा हातात घ्या आणि सुटा, असं आमच्या पुण्यातल्या पहाटे सिंहगड रस्त्याला जाणाऱ्या मंडळींचं मत आहे. मला ते पटत नाही. वळण चुकलं का, पुढे पाणी मिळेल का, हे कुत्रं चावेल का, या तीन काळज्या दुसऱ्याच्या डोक्यावर टाकल्या की आपले डोळे मोकळे होतात. शिवाय आमच्या गाईडचं घर त्याच मुलखात होतं. पस्तिशीचा, शेतकऱ्याचा मुलगा. मला तो अक्का म्हणायचा, रेल्वेवाल्यांना सर. त्याचा एकच कडक नियम होता: दुपारी चारनंतर तलावाकाठच्या रस्त्यावर सायकल नाही. ती हत्तींची पाण्यावर यायची वेळ. आमच्यातल्या एकानं थोडी घासाघीस करून बघितली, तर त्यानं काही न बोलता व्हॅनचं मागचं दार उघडलं.

सिगिरिया आम्ही सगळ्यांत आधी केलं, पायी. सकाळी दार उघडायच्या आधीच रांगेत उभे होतो. पावणेदोनशे-दोनशे मीटर उंच एकच खडक, सपाट रानातून एकदम वर आलेला, आणि त्याच्या माथ्यावर राजवाड्याची जोती. पायथ्याला पाण्याच्या बागा आहेत. त्यातली कारंजी भर पावसाळ्यात आजही उडतात म्हणे. आम्ही जानेवारीअखेर गेलो, ती गप्प होती. मध्यावर कपारीत त्या प्रसिद्ध रंगीत स्त्रिया आणि त्यांच्याखाली आरशाची भिंत. पूर्वी ती इतकी गुळगुळीत होती की तिच्यात तोंड दिसे. आठव्या-नवव्या शतकापासून येणाऱ्याजाणाऱ्यांनी तिच्यावर कविता कोरून ठेवल्या आहेत. सेनारत परणवितान नावाच्या पुरातत्त्वज्ञानं त्यातल्या ६८५ वाचून १९५६ साली छापल्या. बहुतेक सगळ्या त्या चित्रातल्या बायकांना उद्देशून. कुणी त्यांच्यावर भाळलंय, कुणी रागावलंय की तुम्ही बोलत का नाही. आज तिथे नाव कोरलं तर पोलीस धरतात. बाराशे वर्षं आधी जन्माला यायला हवं होतं.

आणखी वर गेलं की सिंहाचे दोन अवाढव्य पंजे. बाकीचा सिंह कधीच ढासळलाय. तिथे गांधीलमाश्यांची पोळी आहेत म्हणून शांत राहा अशी पाटी लावलेली असते, आणि तिच्यासमोर उभे राहून लोक एकमेकांना मोठमोठ्यानं हाका मारत असतात. यापलीकडे सिगिरियाबद्दल मला फार सांगायचं नाही. सगळं जग सांगतंच.

या खडकावर राजवाडा बांधला कश्यप राजानं. इ. स. ४७७ ते ४९५ त्याचं राज्य. आणि या कश्यपाचा बाप धातुसेन, काला वेवा बांधणारा. त्याला भेटायला मात्र खडक उतरून, सायकलवर टांग मारून पश्चिमेला जावं लागतं.

तो रस्ता सांगण्यासारखा आहे म्हणजे त्यात काहीच नाही. चढ नाही, घाट नाही. भातखाचरं, नारळ, आंबे, अंगणात वाळत घातलेली मिरची, पांढऱ्या गणवेशातली शाळकरी पोरं, संगीत वाजवत येणारी पावाची रिक्षा. आणि दर थोड्या अंतरावर डावीकडे नाहीतर उजवीकडे एक तळं. छोटं, कमळांनी भरलेलं, एका बाजूला मातीचा बांध, बांधावर बसलेला एखादा पाणकावळा. बसमधून जाताना ही तळी मोजायचं कुणाच्या मनात येणार नाही. सायकलवर येतं, कारण प्रत्येक तळ्यापाशी हवा गार होते आणि पुढच्या वळणावर परत तापते. डोळे मिटले तरी तळं आलं हे नाकाला आणि कानशिलांना कळतं. (मिटू नयेत, समोरून रिक्षा येत असते.)

श्रीलंकेचा हा उत्तर-मध्य भाग कोरडा पट्टा म्हणून ओळखला जातो. पाऊस बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. मग कितीतरी महिने ठणठणाट. अशा जागी अनुराधपूरसारखी राजधानी हजाराहून जास्त वर्षं नांदली, तिथे जगातले सगळ्यांत उंच म्हणावेत असे विटांचे स्तूप उभे राहिले. एकट्या जेतवनाच्या स्तूपाला नऊ कोटींहून जास्त विटा लागल्या असा अंदाज आहे. त्या विटा भाजणाऱ्यांनी आणि वाहणाऱ्यांनी खाल्लं काय? भात. आणि भात कुठून आला, तर या तळ्यांतून. स्तूप बघायला बस नेते. भाताचा हिशोब दोन स्तूपांच्या मधल्या रस्त्यावर मांडलेला आहे.

औकाना इथे एका कातळातून कोरलेली बुद्धाची उभी मूर्ती आहे, चाळीस फुटांच्या आसपास उंच. ती धातुसेनाच्या काळातली असं परंपरा सांगते. अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या इतक्या बारीक की वाऱ्यानं हलतील. पावसाचा थेंब नाकाच्या शेंड्यावरून सुटला की बरोबर दोन पावलांच्या मधे पडतो, अशी तिची ख्याती. आता वर छप्पर घातल्यामुळे थेंबाची पंचाईत झाली आहे. तिथून थोडंसं पॅडल मारलं की काला वेवाचा बांध सुरू होतो.

मी मूळची भंडारा जिल्ह्यातली, साकोलीकडची. आमच्याकडे तलावांना तोटा नाही. कोहळी लोकांनी बांधलेले मोठे तलाव, बोड्या म्हणजे शेतातली छोटी तळी, पाळीवरून म्हणजे तलावाच्या बांधावरून शाळेत जाणं, हे सगळं अंगवळणी. तरीही काला वेवाच्या पाळीवर सायकल चढवली आणि मी पाय टेकवले. एका हाताला क्षितिजापर्यंत पाणी, दुसऱ्या हाताला, बरंच खाली, हिरवीगार खाचरं. मधे सहाएक किलोमीटरची पाळ, तिच्यावर रस्ता, आणि पाण्याच्या बाजूला जुने, बुंध्याशी तिघांच्या कवेत न मावणारे वृक्ष. मी सालीवर हात फिरवला. फिकट, गुळगुळीत, पापुद्रे सुटलेली. आमचा अर्जुन! गाईड त्याला कुंबुक म्हणत होता आणि याच्या मुळ्या पाळ धरून ठेवतात असं सांगत होता. पाण्यात त्या मुळ्या लालसर, जटांसारख्या पसरलेल्या आणि त्यात बोटाएवढे मासे.

पाळीच्या पोटात जुनं मोरीचं काम असतं तेही त्यानं समजावलं. इतक्या पाण्याचा दाब मोरीवर थेट आला तर मोरी फुटून पाळ वाहून जायची. म्हणून आत येणारी आणि बाहेर जाणारी मोरी यांच्या मधे पाळीतच एक चौकोनी दगडी विहीर घालत. तिथे पाण्याचा जोर मोडतो आणि पाहिजे तेवढंच पुढे सोडता येतं. तिचं नाव बिसोकोटुव. हेन्री पार्कर नावाच्या इंग्रज पाटबंधारे इंजिनिअरनं या शोधाचं श्रेय सिंहली कारागिरांनाच दिलं आहे. रेल्वेवाले सर इथे पहिल्यांदा गंभीर झाले. त्यांनी वही काढली आणि गाईडकडून आकृती काढून घेतली.

मग धातुसेनाची गोष्ट. 'चूळवंस' या जुन्या बखरीत ती आहे. कश्यपानं सेनापतीच्या चिथावणीनं बापाला कैद केलं आणि खजिना कुठे लपवलायस म्हणून छळ मांडला. धातुसेन म्हणाला, मला काला वेवावर न्या, दाखवतो. नेलं. तो पाण्यात उतरला, मनसोक्त न्हाला, पाणी प्याला, आणि म्हणाला, माझ्याजवळ जे आहे ते एवढंच. कश्यपानं चिडून त्याला भिंतीत चिणून मारलं. मग भावाच्या सूडाची भीती वाटून खडकावर जाऊन बसला. अठरा वर्षांनी तो भाऊ, मोग्गल्लान, भारतातून सैन्य घेऊन आलाच, आणि भर लढाईत कश्यपानं स्वतःचा गळा चिरला.

गोष्ट इथे संपली असती तर बाप देवमाणूस आणि लेक राक्षस असं सोपं झालं असतं. पण बखरकार खमका आहे. तो सांगतो की ही पाळ बांधताना एक भिक्खू तिथे ध्यानाला बसला होता. हलवला तरी हलेना, तेव्हा धातुसेनानं त्याच्यावर माती टाकायला लावली. त्या कर्माचं फळ त्याला भिंतीत मिळालं. मला ही पुस्ती मूळ गोष्टीपेक्षा जास्त आवडली. मोठं धरण आणि त्याखाली गाडला गेलेला, न हललेला माणूस! पंधराशे वर्षांपूर्वीही ही तक्रार कुणीतरी लिहून ठेवली.

काला वेवातून एक कालवा निघतो, जयगंगा. सत्त्याऐंशी किलोमीटर जाऊन तो अनुराधपूरच्या तिस्स वेवाला पाणी देतो. त्याच्या सुरुवातीच्या बऱ्याच लांबीत उतार किलोमीटरला फक्त दहा सेंटीमीटर आहे. आम्ही त्याच्या काठानं बराच वेळ गेलो. कात्रजच्या चढानं तयार झालेल्या माझ्या पायांना चढ-उताराचं फार बारीक कळतं असा माझा समज होता. इथे त्यांना काहीच सांगता येईना. पाणी मात्र न चुकता एकाच दिशेला चाललं होतं. या कालव्याला मुळात काठ एकच. वरच्या अंगाला बांधच नाही, म्हणजे पावसात उंचावरून येणारं पाणी आपोआप कालव्यात येतं आणि वाटेतली छोटी तळीही भरतात. आता या सगळ्यात महावेली नदीचं वळवलेलं पाणी येतं, पण वाट धातुसेनाचीच.

त्या दिवशी जेवण गाईडच्या गावातल्या एका घरी होतं. लाल तांदळाचा भात, फणसाची भाजी, पोळ सांबोळ म्हणजे खोबऱ्याची तिखट चटणी, तळलेला तळ्यातला मासा, शेवटी मडक्यातलं म्हशीचं दही आणि वर माडाची काकवी. जेवून तळ्यावर गेलो. हे अगदी साधं, गावापुरतं तळं. गाईडचा उत्साह काला वेवापेक्षा इथे जास्त. वरच्या अंगाला झाडांची रांग, ती वारा अडवते. तिच्यापुढे गवताचा पट्टा, तो गाळ धरतो. पाळीच्या खाली पुन्हा झाडोरा, तो झिरपणाऱ्या पाण्यातले क्षार शोषतो, मग खाचरं. एका तळ्याचं सोडलेलं पाणी खालच्या तळ्यात, तिथून आणखी खालच्या. अन्न व कृषी संघटनेनं या तळ्यांच्या साखळीला जागतिक कृषी वारशाचा मान दिलाय, हे त्यानं दोनदा सांगितलं.

"आणि पाणी कमी असलं तर?" मी विचारलं.

"तर बेत्म," तो म्हणाला. अशा वर्षी तळ्याजवळची तेवढीच खाचरं लावायची, मग ती कुणाच्याही मालकीची असोत. त्या तुकड्याचे वाटे सगळ्या गावानं आपापल्या जमिनीच्या प्रमाणात करायचे. लांबच्या माणसाची जमीन कोरडी राहिली तरी त्याचा वाटा इकडे पडतो.

"भांडणं होत नाहीत?"

"होतात की. माझे वडील आणि काका दोन वर्षं बोलत नव्हते."

मग त्यानं माझ्याकडच्या तलावांची चौकशी केली. मी आमच्या बोड्यांचं सांगितलं, नवेगावबांधचं सांगितलं. पुरातन काय आहे, हे त्यानं अगदी धंद्याच्या नजरेनं विचारलं. वैनगंगेकाठी पवनीला फार जुना स्तूप उत्खननात सापडलाय, आणि धातुसेन होऊन गेला त्याच शतकात आमच्याकडे वाकाटकांचं राज्य होतं, रामटेकच्या टेकडीवर त्यांची देवळं अजून उभी आहेत, हे ऐकल्यावर तो बोटांवर मुक्काम मोजू लागला. सपाट आहे का? बरंचसं. तळ्यातला मासा मिळतो? उत्तम. व्हॅन जाईल? जाईल. मग काढ की सहल अक्का, मी येतो पुढे चालायला.

"हत्ती?" त्यानं विचारलं.

"हत्ती क्वचित कधीतरी, पण नवेगाव-नागझिऱ्यात वाघ आहेत."

तो जरा थांबला. "मग चार नाही," तो म्हणाला, "दुपारी दोनलाच सगळे व्हॅनमध्ये."