आईच्या संगणकाचा सुरुवातीचा पडदा : माझा अनुभव

वाईला आईकडे एक जुना डेस्कटॉप आहे. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, जे काही आहे ते प्रोसेसरमधलंच. त्यावर मी लिनक्स मिंट २१.३ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली होती. आई त्यावर भिशीचा हिशेब ठेवते आणि भजनी मंडळासाठी अभंग टाइप करते.

दिवाळीत गेलो तेव्हा ती म्हणाली, "अरे, सुरू करताना काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं पळतात. मला वाटतं काहीतरी बिघडलंय. मग मी बटण दाबून धरते आणि बंद करून टाकते."

मी हादरलोच. संगणक सुरू होत असताना बटण दाबून धरायचं म्हणजे डिस्कवर लिहिणं अर्ध्यात तोडायचं. ती जी अक्षरं बघून घाबरत होती, त्यांतल्या काही ओळी आदल्या दिवशीच्या अर्धवट बंद होण्यामुळे फाइल सिस्टिम दुरुस्त होत असल्याच्याच होत्या. ती घाबरून बंद करायची, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी ओळी यायच्या. सुरुवातीचा पडदा म्हणजे नुसती सजावट, असं मी तोवर मानत होतो. ते मत तिथेच बदललं.

दुसरी तक्रार अशी, की डेस्कटॉप आला की कोपऱ्यात रोज एक सूचना यायची : सिनॅमन (मिंटचा डेस्कटॉप) सॉफ्टवेअर रेंडरिंगवर चालू आहे. ती आई न वाचता बंद करायची. शिवाय नवा २२ इंची मॉनिटर असूनही अक्षरं पसरट दिसत होती. रेझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडकलेलं, आणि यादीत दुसरा पर्यायच नव्हता.

आधी काहीही न बदलता मी टर्मिनल (आज्ञा लिहायची खिडकी) उघडून प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन ही फाइल वाचली. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सुरू होताना काय काय सांगितलं गेलं, ते त्यात जसंच्या तसं असतं. त्यात एक शब्द दिसला : नोमोडसेट. आणि अक्षरं लपवणारा क्वाएट, लोगो दाखवणारा स्प्लॅश हे दोन्ही शब्द गायब.

मग सगळं आठवलं. इन्स्टॉल करताना जुन्या मॉनिटरला कन्व्हर्टर लावून काम चालवलं होतं आणि पडदा काळा पडत होता. म्हणून मिंटचा कम्पॅटिबिलिटी मोड वापरला. इन्स्टॉल झाल्यावरही तेच होऊ नये म्हणून नोमोडसेट मीच ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलीत लिहिलं, आणि काय चुकतंय ते दिसावं म्हणून क्वाएट आणि स्प्लॅश काढून टाकले. मॉनिटर बदलला, कन्व्हर्टर गेला, पण हे बदल तसेच राहिले.

नोमोडसेटचा अर्थ असा की कर्नलने स्वतःहून पडद्याचा मोड ठरवायचा नाही. मग इंटेलचा आय-नऊशे-पंधरा हा ग्राफिक्स चालवणारा ड्रायव्हर कामालाच लागत नाही. चित्र काढायचं सगळं ओझं ग्राफिक्सचा भाग सोडून मुख्य प्रोसेसरवर येतं. सॉफ्टवेअर रेंडरिंग ते हेच. जीएलएक्सइन्फो या आज्ञेच्या उत्तरात रेंडरर (चित्र काढणारा) म्हणून एलएलव्हीएमपाइप हा प्रोसेसरवर चालणारा रेंडरर दिसला, तिथे खात्रीच पटली. नोमोडसेट अडचणीतून बाहेर काढायला उत्तम आहे, पण ती कुबडी आहे. पाय बरा झाला की ती ठेवून द्यायला हवी, आणि मी ती ठेवलीच नव्हती.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. फाइलीला लगेच हात लावू नका. संगणक सुरू होताना ग्रबचा मेनू आणा. संगणक चालू होण्याच्या जुन्या बायॉस पद्धतीत शिफ्ट दाबून धरायचं, नवी यूईएफआय पद्धत असेल तर एस्केप. मग पहिल्या ओळीवर 'ई' हे बटण दाबा. लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत जो बदल करायचा तो करा आणि एफ-१० दाबा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो. बिघडलंच तर पुन्हा सुरू केलं की सगळं पहिल्यासारखं. मी नोमोडसेट खोडलं, एफ-१० दाबलं, आणि आईच्या मॉनिटरवर पहिल्यांदा १९२० बाय १०८० उमटलं. ती सूचनाही आली नाही.

त्यानंतरच टाइमशिफ्टने सिस्टिमचा एक स्नॅपशॉट (बिघडलं तर मागे फिरण्यासाठीची प्रत) घेतला आणि ईटीसीच्या डिफॉल्ट फोल्डरमधली ग्रब ही फाइल उघडली. नोमोडसेट काढलं, क्वाएट आणि स्प्लॅश परत लिहिले. तेवढ्यात शेवटचं अवतरणचिन्ह राहून गेलं. बदल लागू करणारी अपडेट-ग्रब ही आज्ञा चालवल्यावर ते अवतरण बंद केलेलं नसल्याची तक्रार आली. ही तक्रार वाचल्याशिवाय रीस्टार्ट करू नये. चिन्ह घातलं, आज्ञा पुन्हा चालवली.

ग्रबच्या मेनूचं रेझोल्यूशन वेगळं असतं, हे मला आधी नीट माहीत नव्हतं. ग्रबला इंटेलचा ड्रायव्हर मिळत नाही, बायॉस जे मोड देतं तेवढेच मिळतात. मेनूत 'सी' दाबून व्हिडिओइन्फो ही आज्ञा दिली की ते मोड दिसतात. या मशिनच्या यादीत १९२० बाय १०८० नव्हतंच, म्हणून ग्रबच्या फाइलीत जीएफएक्समोड (मेनूचं रेझोल्यूशन) १०२४ बाय ७६८ ठेवला. यादीत नसलेला आकडा हट्टाने लिहिण्यात अर्थ नाही. जीएफएक्सपेलोड-लिनक्सपुढे 'कीप' लिहिलं, म्हणजे ग्रबने लावलेला मोड कर्नलपर्यंत तसाच जातो. मेनू तर आईसाठी लपवूनच टाकला.

आता प्लिमथ, म्हणजे सुरुवातीचा पडदा दाखवणारा प्रोग्राम. क्वाएट आणि स्प्लॅश परत लिहिले तरी मिंटचा लोगो अगदी शेवटच्या क्षणी चमकून जायचा. त्याआधी नुसता काळा पडदा. कारण ड्रायव्हर उशिरा चढत होता. इनिटरॅमएफएस म्हणजे कर्नलसोबत मेमरीत उतरणारं छोटं गाठोडं. त्याच्या मॉड्यूल्स फाइलीत आय-नऊशे-पंधराचं नाव लिहिलं आणि गाठोडं नव्याने बांधणारी अपडेट-इनिटरॅमएफएस ही आज्ञा चालवली. लोगो लवकर दिसू लागला.

पण मला आईसाठी मराठीत काहीतरी हवं होतं. प्लिमथच्या थीम्स फोल्डरमध्ये नवा फोल्डर करून स्क्रिप्ट प्रकारची थीम लिहिली. स्क्रिप्टमधून देवनागरी मजकूर दिला, तर पडद्यावर चौकोन आले. तासभर कोड तपासत बसलो. दोष कोडमध्ये नव्हताच. त्या गाठोड्यात मोजकेच फॉन्ट जातात, आणि आमच्या मशिनवर गेलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नव्हती. मग इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रामात 'मुक्त' नावाच्या फॉन्टमध्ये वाक्य लिहून त्याचं पीएनजी चित्र केलं. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा हा फॉन्ट मुक्त परवान्यात मिळतो आणि त्याचे जोडाक्षरांचे वळसे मोठ्या आकारात फार स्वच्छ दिसतात. चित्र असल्यामुळे फॉन्टचा प्रश्नच उरला नाही. खाली तीन ठिपके एकामागून एक उजळतात, म्हणजे काम चालू आहे हे कळतं. अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज या आज्ञेने ही थीम नेहमीची थीम म्हणून लावली.

डेस्कटॉपवर अक्षरं आता बारीक झाली होती. आईच्या चष्म्याला ती पेलणारी नव्हती. रेझोल्यूशन कमी केलं असतं तर ती मोठी झाली असती पण धुरकट. म्हणून रेझोल्यूशन तसंच ठेवून फॉन्टच्या सेटिंगमध्ये मजकुराचं प्रमाण १.२ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने संगणक सुरू केला. मी स्वयंपाकघरातून बघत होतो. तिचा हात बटणाकडे गेला नाही. पडद्यावर आलं : "संगणक सुरु होत आहे. बटण दाबू नकोस." ती चष्मा सावरून पुढे वाकली आणि म्हणाली, "सुरू दीर्घ लिहायचं. इतकी वर्षं मुलांना शिकवलं मी."

लगेच चित्र दुरुस्त केलं, जुन्यावर नवं ठेवलं. रीस्टार्ट केलं, तरी ऱ्हस्वच. फोल्डरमधलं चित्र बदललं होतं, पण गाठोड्यात जुनंच बांधलेलं होतं. अपडेट-इनिटरॅमएफएस पुन्हा चालवलं. आई खुर्ची ओढून बाजूला बसली, दीर्घ ऊकार डोळ्यांनी पाहिला, आणि मग भिशीची वही उघडली.