जरा बाजूला बघ

मी 1987 च्या दहावीचा, मागच्या बाकावरचा. शाळेच्या आठवणी लिहायच्या म्हटल्यावर बाकीचे सगळे गॅदरिंग आणि छड्यांवर लिहिणार हे माहितीये, म्हणून मी हॅलेचा धूमकेतू घेतो.

एप्रिल 1986, नववीची परीक्षा उरकलेली. भूगोलाच्या सरांनी आम्हा सातआठ जणांना रात्री मैदानावर बोलावलं, आम्ही ऐटीत बॅटऱ्या घेऊन गेलो तर सरांनी त्या आधी पिशवीत जमा केल्या आणि अर्धा तास नुसतं अंधारात बसवलं, डोळे सरावू देत म्हणे. धूमकेतू दक्षिणेला, माडांच्या जरा वर. आम्हाला शेपूट हवं होतं, तिथे होता कापसाचा बोळा, आणि मला तर तोही दिसेना. सर म्हणाले, "रोखून नको बघूस रे, जरा बाजूला बघ." आणि दिसला की!

आता मी सिडनीत. अमावास्येच्या सुमारास डिकीत 12 इंची डॉब्सोनियन दुर्बीण (आमचा डॉब) टाकून सहा तास गाडी हाणत कूनाबाराब्रन गावाकडे जायचं. तिथे मृग नक्षत्र शीर्षासनात, अगस्तीचा तारा पार उंच. पण मी जातो ते फोरनॅक्स तारकासमूहातल्या दीर्घिकांसाठी. त्या नेमक्या डोक्यावर येतात, आणि डॉब सरळ वर वळवायचा म्हणजे वैताग. त्यातली एनजीसी 1365, मधे दांडा आणि त्याच्या टोकांना वळलेल्या भुजा असलेली दीर्घिका, अंतर साधारण सहा कोटी प्रकाशवर्षं, मधला भाग लगेच दिसतो, भुजा मात्र रोखून बघितलं की गायब, नजर कडेला नेली की दांड्याच्या टोकाला हळूच हुकासारखा आकडा उमटतो. डोळ्याच्या अगदी मध्यावर मंद उजेड टिपणाऱ्या पेशीच नसतात ना. बायको म्हणते, एवढं पेट्रोल जाळून राखाडी डाग बघतोस?

इथे रॉबर्ट एव्हान्स नावाचे पाद्री होते, शेकडो दीर्घिका तोंडपाठ, कॅमेरा न लावता, दुर्बिणीला नुसता डोळा लावून चाळीसच्या वर सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणारे तारे, शोधले. त्यातला एक मे 1986 मधे, नरतुरंग तारकासमूहातल्या सेंटॉरस ए या दीर्घिकेत. आणि गंमत म्हणजे एप्रिलच्या मध्यात हॅले आकाशात याच दीर्घिकेजवळ दिसत होता! म्हणजे मैदानावर आम्ही बघत होतो तो आकाशाचा तुकडा साधारण तोच, फक्त दोनतीन आठवडे आधी.

आपल्या कोकणातून ती दीर्घिका क्षितिजापासून तीसेक अंश वर येते. फेब्रुवारीत येतोय, बायनॉक्युलर आणतो, पहाटे चारला जमू. मैदानावरचा तो नवा हॅलोजन तेवढा बंद ठेवा, आणि मोबाईल पिशवीत.