तुम्ही विचारलंत म्हणून: नॅसमध्ये कुठली डिस्क टाकू?

जत्रांतली नाटकं आणि सप्ताहातली भजनं मी रेकॉर्ड करून घरच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर ठेवतो, हे फोंड्यात एव्हाना बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. त्यामुळे तालमीला गेलं की कुणीतरी बाजूला घेतंच. "भाऊ, दोन डिस्कचा नॅस घेतोय. कुठल्या कंपनीची टाकू? भरवशाची सांगा."

एक नाव सांगून मोकळं व्हावं असं मलाही वाटतं. पण हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात उरल्यातच तीन: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. तिघींच्याही डिस्क वर्षानुवर्षं चालतात आणि तिघींच्याही अचानक मरतात. बॅकब्लेझ ही अमेरिकेतली साठवणूक कंपनी आपल्याकडच्या डिस्कचा हिशेब २०१३ पासून ठेवते आणि तो जाहीरही करते. अलीकडच्या वर्षांत त्यांच्याकडे वर्षाकाठी शंभरातल्या एक-दोन जातात. त्या तक्त्यात एकाच कंपनीचं एक मॉडेल झकास तर दुसरं रडकं, असं सर्रास दिसतं. तेव्हा कंपनीवरून भांडण्यात अर्थ नाही. मी आधी विचारतो ते हे, की डिस्क सीएमआर आहे की एसएमआर?

डिस्कवर लिहायच्या या दोन पद्धती. सीएमआरमध्ये डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी सुटे असतात. एसएमआरमध्ये जागा वाचवायला ते मंगळुरी कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. खालचं एक कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते, तसंच इथे थोडं बदलायला शेजारचं बरंच पुन्हा लिहावं लागतं. फोटो एकदा टाकून विसरायचे असतील तर हे चालतं. पण नॅसमधली एक डिस्क मेली आणि नव्या डिस्कवर सगळं परत भरायची वेळ आली की ती धापा टाकते. तासांचं काम दिवसांवर जातं, आणि तेवढा वेळ तुमचा सगळा डेटा उरलेल्या एका डिस्कवर लटकलेला. २०२० मध्ये यावरून गदारोळ झाला होता. वेस्टर्न डिजिटलच्या खास नॅससाठी विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेत २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखच नव्हता. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क 'रेड प्लस' नावाने वेगळ्या काढल्या. म्हणून दुकानात नुसतं "रेड द्या" म्हणू नका, प्लस म्हणा. सीगेटची आयर्नवुल्फ आणि तोशिबाची एन३०० या सीएमआरच.

"पण डेस्कटॉपची स्वस्त पडते ना?" पडते. तिची अडचण वेगळी. एखादा भाग वाचता आला नाही की ती हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, आणि नॅसला वाटतं डिस्क गेली. नॅससाठीची डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करते आणि तीच प्रत असलेल्या दुसऱ्या डिस्ककडून ती माहिती घेऊ देते. स्वस्तात वाचवलेले पैसे इथे अंगाशी येतात.

आता आपल्या गोव्याचं. उकाड्याची सगळ्यांना धास्ती असते, एसीच्या खोलीत ठेवू का म्हणून विचारतात. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखभर डिस्कचा अभ्यास छापला, त्यात तापमानाचा संबंध वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. हवा खेळती असली की पुरे. बंद कपाटात मात्र कोंबू नका. पावसाळ्यात मी नॅस बंद करत नाही, चालू डबा थोडा गरम राहतो आणि दमट धरत नाही. मला भीती वाटते ती लाईटची. मेअखेरीस गडगडाट सुरू झाला की लाईट जाते, येते, पुन्हा जाते. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी एकदा त्याच्या मागे हात घालून बघावं. बऱ्याच इन्व्हर्टरना तिथे एक छोटा खटका असतो, एका बाजूला यूपीएस लिहिलेलं. तो दुसऱ्या बाजूला असेल तर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात नॅस बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. त्यापेक्षा यूएसबीची वायर असलेला छोटा यूपीएस घ्या. बॅटरी उतरत आली की नॅसला त्या वायरीतून कळतं आणि तो स्वतः नीट बंद होतो. इन्व्हर्टर त्याला काही सांगत नाही. माझं मत विचाराल तर महागडी 'प्रो' डिस्क घेण्याऐवजी ते पैसे इथे घाला.

दोन्ही डिस्क एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेऊ नका. एकाच घाण्यातल्या निघाल्या तर आजारही एकच असायचा. घरी आल्यावर स्मार्ट नोंदीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, किती तास चाललीय ते बघा, नव्या डिस्कवर ते जवळपास शून्य हवेत. पण त्या आकड्यावरही विसंबू नका. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क तास पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, तिच्यात खरे तास सापडले. ऑनलाइन घेतलीत तर सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतात लागू आहे का तेही बघून घ्या, परत करायची मुदत संपायच्या आत.

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, नाटक नाही मिळत. दोन डिस्कवर तीच प्रत असली तरी चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. म्हणून तिसरी प्रत साध्या यूएसबी डिस्कवर काढून म्हापशाला भावाकडे ठेवतो. ती एसएमआर आहे, स्वस्तातली. तिथे चालते.