लेस्टरला येऊ नका

आमच्या शेजारच्या बांच्या कपाटात एक जाड लोकरीचा कोट आहे. गडद हिरवा, खांद्यांत ऐसपैस. 1972च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या स्टॅनस्टेड विमानतळावर एका गोऱ्या स्वयंसेविकेने तो त्यांच्या अंगावर चढवला होता. बा तेव्हा एकोणीस वर्षांच्या. अंगावर सुती साडी, पायात चपला. "बटणंसुद्धा तिनेच लावली, माझी बोटं वळत नव्हती," बा सांगतात.

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात येऊन मला सहा वर्षं झाली. बेलग्रेव्ह रोडवरच्या दिवाळीच्या रोषणाईचे फोटो मी दरवर्षी पाठवते, ते तुम्ही पाहिलेच असतील. कढीपत्त्यापासून पूजेच्या कापसापर्यंत सगळं तिथे मिळतं. पण हा रस्ता ज्यांनी उभा केला, त्यांना इथे यायचंच नव्हतं, आणि शहरालाही ते नको होते. हे मला बांकडून कळलं.

4 ऑगस्ट 1972 रोजी युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तिथल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे दुकानं, शाळा, साखर कारखाने चालवणारी माणसं ही. ज्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता त्यांची जबाबदारी ब्रिटनला टाळता येईना. सुमारे 28,000 लोक इथे आले. सोबत जेमतेम पन्नासेक पौंड. कंपालाहून एंटेबे विमानतळाकडे जाताना नाक्यानाक्यावर सैनिक झडती घेत होते; बांच्या आईच्या हातातल्या बांगड्या तिथेच गेल्या.

आणि लेस्टरच्या नगरपालिकेने काय केलं? 15 सप्टेंबरला थेट युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. घरांसाठी हजारो कुटुंबं रांगेत आहेत, शाळांत जागा नाही, दवाखान्यांवर ताण आहे. तेव्हा तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. त्या जाहिरातीची प्रत मी पाहिली आहे. भाषा अगदी सभ्य आहे, म्हणूनच वाचताना जास्त लागते. बांच्या वडिलांनी या शहराचं नाव पहिल्यांदा त्या जाहिरातीतच वाचलं. येऊ नका म्हणतात, म्हणजे तिथे आपली माणसं असणार, असं त्यांनी ताडलं.

आधी मात्र कॅम्प. सरकारने लष्कराच्या रिकाम्या छावण्या उघडल्या, अशा सोळा. बांचं कुटुंब सफोकमधल्या स्ट्रॅडिशॉलला होतं. लांबच लांब बराकी, मध्ये पडदे लावून केलेल्या खोल्या, उकडलेला बटाटा आणि कोबी. गावातल्या बायका येऊन इंग्रजी शिकवायच्या, मुलांना बूट आणून द्यायच्या. नको म्हणणारं शहर आणि बटणं लावून देणारी बाई, दोन्ही एकाच देशातली. बा या दोन्ही गोष्टी सांगतात, एकीने दुसरी पुसत नाहीत.

लेस्टरला आल्यावर बांचे वडील होजिअरीच्या कारखान्यात रात्रपाळीला लागले. युगांडातल्या जिंजा गावात त्यांचं स्वतःचं कापडाचं दुकान होतं. हल्ली 'युगांडाहून आलेल्यांची यशोगाथा' म्हणून भाषणं होतात, ती मला अपुरी वाटतात. 1974मध्ये इथल्या इम्पिरियल टाइपरायटर्स या कारखान्यातले आशियाई कामगार बोनस आणि भेदभावाच्या प्रश्नावर संपावर गेले, तेव्हा त्यांच्याच युनियनने त्यांना साथ दिली नाही. जवळजवळ तीन महिने ते रस्त्यावर होते. बाहेर नॅशनल फ्रंट या स्थलांतरितविरोधी पक्षाचे मोर्चे निघत. दुकानांच्या झगमगाटात हे कोणी सांगत नाही.

'कॅम्प' हा शब्द बांच्या तोंडून ऐकला आणि मी एकदम कल्याणला पोचले. आमच्या घरापासून उल्हासनगर रिक्षाच्या अंतरावर. आजही तिथे पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' म्हणतात. तीही लष्कराचीच छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर माणसांना त्या बराकींत ठेवलं. उल्हासनगर हे नाव 1949मध्ये मिळालं. आणि आमच्याकडे? 'उल्हासनगरचा माल' म्हणजे नकली, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. 'निर्वासित' हा शब्द शिवीसारखा वापरलेला मी ऐकलाय, आमच्याच घरात. दर दिवाळीला आम्ही कॅम्प तीनमधल्या एका सिंधी काकांकडून कापड घ्यायचो. ते मला दरवेळी लिमलेटची गोळी द्यायचे. हा माणूस कुठून आला, काय मागे टाकून आला, हे विचारावंसं एकदाही वाटलं नाही. छावणीच्या इतक्या जवळ वाढून मला ते सुचायला लेस्टर गाठावं लागलं, याचं वाईट वाटतं.

त्या रात्री मी आईला फोन केला. ते कापडवाले काका आहेत का अजून?

"अगं, ते गेले, दोन वर्षं झाली. दुकान मुलगा बघतो."

"मूळचे कुठले होते गं?"

आई जरा थांबली. "शिकारपूरचे म्हणायचे बहुतेक. त्यांची आई वाटेतच गेली होती म्हणे. पुढचं कधी विचारलंच नाही गं आपण."