रतनवाडीच्या आकाशातला हंस ६१

भाऊबीज उरकून आम्ही तिघे पुण्याहून निघालो आणि राजूर, शेंडीमार्गे दिवस मावळायच्या आत रतनवाडी गाठली. भंडारदरा जलाशयाच्या काठावरच्या तंबूंचा झगमगाट हल्ली आकाशाचा पार विचका करतो. पण अमृतेश्वराच्या देवळापलीकडे, भात कापून झालेल्या खाचरात, चंद्रकोर मावळताच आकाशगंगा दिसू लागली.

मला पाहायचा होता तो हंस तारकासमूहातला ६१ क्रमांकाचा तारा. हंसाच्या शेपटीचा डेनेब, छातीवरचा सद्र आणि पंखातला गिएना हे तीन कोपरे धरून समांतरभुज चौकोन पुरा केला, की सद्रसमोरच्या चौथ्या कोपऱ्यावर तो सापडतो. नुसत्या डोळ्यांना जेमतेम पाचव्या प्रतीचा, आणि बाजूच्या डेनेबपुढे तर अगदीच किरकोळ. मात्र डेनेब हजाराहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे आणि हा अवघा ११.४. ठळक तारा जवळचा असणार, ही समजूत इथे पुरती मोडते.

इटलीतल्या पालेर्मोचे खगोलशास्त्रज्ञ ज्युसेप्पे पियात्सी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच याची वेगवान चाल हेरली होती. इतर ताऱ्यांच्या मानाने तो वर्षाला सुमारे ५.२ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतो, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाएवढे अंतर कापायला त्याला साधारण साडेतीनशे वर्षे पुरतात. इतका चपळ तारा जवळच असला पाहिजे, या तर्काने जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांनी कोनिग्सबर्गच्या वेधशाळेतून त्याचे वेध घेतले. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत तो किती डुलतो ते त्यांनी मोजले आणि १८३८ मध्ये ०.३१ विकलांचा पराशय (त्या डुलण्याचा निम्मा कोन, ज्यावरून ताऱ्याचे अंतर काढता येते) जाहीर केला. आजचे मूल्य ०.२८६ आहे. विकला किती बारीक असते, हे ध्यानात घेतले तर त्या हातोटीला दाद द्यावीच लागते. तेव्हापासून तो अर्ध्या चंद्रबिंबाहून जास्त सरकला आहे.

छोट्या दुर्बिणीत पंचवीसपट वर्धनालाच त्याचे दोन तारे सुटे झाले, मध्ये सुमारे ३१ विकलांची फट. दोन्ही नारिंगी, एक किंचित मंद. त्यांचे पृष्ठतापमान सुमारे ४,४०० आणि ४,००० केल्व्हिन, म्हणजे सूर्याहून बरेच कमी. आणि दोघांचा प्रकाश एकत्र केला तरी सूर्याच्या पाव भागाएवढा भरत नाही. एकमेकांभोवती फेरी पूर्ण करायला त्यांना साडेसहाशेहून अधिक वर्षे लागतात. सोबत्यांनी हौसेने वर्धन वाढवले, तेव्हा फट रुंदावली पण रंग फिकटला. माझ्या मते ही जोडी कमी वर्धनालाच पाहावी.